हापूसची पेटी घरून विकताना: कोणती पोस्ट, कुठे आणि कधी

बागेतला आंबा वाशीला दलालाकडे न पाठवता थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा, असं ठरवलं की पुढचं पाऊल बहुतेकांचं एकच असतं. मुलगा किंवा सून इन्स्टाग्रामवर पेज काढते, पेटीत मांडलेल्या पिवळ्याधमक आंब्यांचा फोटो टाकते, खाली नंबर देते. दोन दिवस नातेवाईक लाइक करतात. मग शांतता.

याचं कारण सोपं आहे. पेटीतल्या आंब्यांचा फोटो देवगडच्या बागायतदाराचा असो, कर्नाटकातला माल आणून विकणाऱ्याचा असो की कुणी इंटरनेटवरून उचललेला असो, दिसायला सारखाच दिसतो. हापूस चांगला असतो हे पुण्या-मुंबईच्या माणसाला तुम्ही सांगायची गरज नाही. त्याला शंका आहे ती तुमच्याबद्दल. म्हणून काय पोस्ट करायचं हे ठरवताना कोणतं ॲप जोरात चाललंय ते बघू नका, गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी कुठे अडतं ते बघा. पुढचं सगळं हापूसच्या निमित्ताने लिहिलंय. काजू, कोकम किंवा मसाले विकणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

पहिलं काम: प्रश्नांची वही

गेल्या वर्षी दहा-वीस पेट्या जरी ओळखीत विकल्या असतील, तरी तुमच्या व्हॉट्सॲपवर खजिना पडलेला आहे. ती सगळी संभाषणं काढा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. यंदा पहिलंच वर्ष असेल तर मुंबईतल्या मावशीला, तिच्या शेजारणींना फोन करून विचारा, की अनोळखी माणसाकडून आंबा घेताना तुम्हाला काय वाटतं. साधारण हेच निघेल:

"खरंच देवगडचा आहे ना?" "पावडर मारून पिकवलेला नाही ना?" "एका डझनाला केवढं फळ येतं?" "आत्ता भाव काय चाललाय?" "पाडव्याला मिळेल का?" "पेटी आली, आंबे हिरवे आहेत, आता काय करू?" आणि सगळ्यात अवघड, "कापल्यावर आत खराब निघाला तर?"

वहीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्यापुढे तितक्या रेघा ओढा. जास्त रेघा ज्याला, त्याची पोस्ट आधी. कंटेंट कॅलेंडर वगैरे जे म्हणतात त्याची सुरुवात इथून करा, कोऱ्या तक्त्यावरून नको.

दुसरं काम: प्रत्येक उत्तराला दोन कसोट्या लावा

एक, हे उत्तर डोळ्यांनी बघून पटतं की वाचून? आंबा झाडावरून कसा उतरवला हे लिहून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेलच असं नाही. दाखवलं की पटतं. उलट पेटी घरी आल्यावर काय करायचं याचा व्हिडिओ कितीही छान केला, तरी स्वयंपाकघरात उभं राहून माणसाला तो पुन्हा पुन्हा मागे-पुढे करायला नको असतो. तिथे चार ओळींचं चित्र बरं.

दोन, हे उत्तर किती दिवस खरं राहणार? ही कसोटी नवखे हमखास विसरतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला भाव मेच्या मध्यावर राहत नाही. रील मात्र आठवड्यांनंतरही कुणाच्या तरी समोर येतच राहते. रीलमध्ये भाव बोललात की मे महिन्यात एखादा गृहस्थ वाद घालायला हजर होतो, किंवा चढा भाव बघून न विचारताच निघून जातो. रोज बदलणारी माहिती चोवीस तासांत पुसली जाणाऱ्या जागी टाकायची, म्हणजे व्हॉट्सॲप स्टेटस किंवा इन्स्टाग्राम स्टोरी. वर्षभर खरं राहणारं रीलमध्ये, पेजवर किंवा यूट्यूबवर.

या दोन कसोट्यांवर वहीतला प्रत्येक प्रश्न घासून बघितला की अर्धा निर्णय झालाच.

रील: बागेचा पुरावा

"खरा आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर रीलच देऊ शकते, म्हणून पहिली मेहनत तिथे करा. दाखवण्यासारखं तुमच्याकडे भरपूर आहे आणि ते दुसऱ्याचा माल विकणाऱ्याकडे नाही. कलमावर चढलेला गडी, झेल्यात, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीत, अलगद येणारं फळ, देठ ठेवून केलेली तोडणी, चीक सालीला लागू नये म्हणून घेतलेली काळजी, सावलीत चाललेली वर्गवारी, फळं पिकायला भाताच्या पेंढ्यात लावलेली अढी. देठाशिवाय तोडलेल्या फळावर चिकाचे डाग पडतात, हे शहरातल्या किती जणांना माहीत असतं? वीस-तीस सेकंदांत एवढीच एक गोष्ट दाखवा. एका रीलमध्ये एकच गोष्ट, हा नियम कडक पाळा. मोहरापासून पेटीपर्यंत सगळं एकाच मिनिटात कोंबणाऱ्या रील्स मी अनेक बघितल्यात, शेवटी लक्षात काहीच राहत नाही.

चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ काढायचं असतं, हे बागायतदाराला सांगायला नको. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं की हिरवा आंबा आला म्हणजे कच्चा तोडून फसवलं. तयार फळाच्या देठाजवळचे खांदे कसे भरलेले असतात, न झालेलं फळ कसं दिसतं, दोन्ही शेजारी धरून दाखवलंत तर ती रील दर वर्षी कामाला येईल.

चित्रीकरणाबद्दल थोडंसं. फोन उभा धरा. सकाळचं ऊन वापरा, दुपारच्या उन्हात आंब्यावर पांढरे डाग चमकतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात आणि फळ दिसलं पाहिजे. "नमस्कार मित्रांनो, आज आपण आलो आहोत" इथेच निम्मे लोक बोटाने पुढे सरकतात. पडद्यावर मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ टाका, कारण लोकलमध्ये किंवा ऑफिसात बसलेला माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो. पार्श्वसंगीताचं म्हणाल, तर इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला बरीच सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, आणि धंद्याच्या जाहिरातीला ती परवानगीशिवाय वापरणं योग्यही नाही. बागेतला आवाज ठेवा. फांद्यांची सळसळ, गड्याची हाक, फळ झेल्यात पडल्याचा आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा खरा वाटतो.

गड्यांचं आठवलं म्हणून सांगतो. कोकणातल्या पुष्कळ बागांत नेपाळी माणसं राबतात. त्यांचा चेहरा दाखवायचा असेल तर आधी विचारा. नको म्हणाले तर हात आणि फळ पुरे.

तोडणी सुरू झाली की तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा रील करायला बसणं होणार नाही. म्हणून मोहर, फळधारणा, बाग साफसफाई, झेला बांधणं हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत चित्रित करून फोनमध्ये साठवा. पहिल्या तोडणीच्या दिवशी मात्र एका माणसाला फक्त फोन धरायला मोकळं ठेवा आणि हंगामभराचं एकदमच टिपून घ्या.

स्टेटस: रोजचा बाजार

बागायतदाराचा खरा बाजार व्हॉट्सॲपवर भरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्स्टाग्रामवर माणूस तुम्हाला पहिल्यांदा बघतो. पेटी सांगतो ती व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग लावता येतो, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं ठेवता येतात आणि "पैसे आले", "पेटी पाठवली" अशी लेबलं लावता येतात. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या, नाहीतर भाचीच्या बारशाचे फोटो गिऱ्हाइकांना दिसतील.

स्टेटसवर रोज सकाळी तीनच गोष्टी: आज काय फळ आहे, वजनानुसार भाव काय, पुढची गाडी कुठल्या शहराला कधी निघणार. भाव लिहिताना नुसतं "एक डझन" लिहू नका. 200 ते 250 ग्रॅमचं फळ आणि 250 ते 300 ग्रॅमचं फळ यांच्या भावात फरक असतो, आणि भांडण नेमकं इथूनच सुरू होतं. वजनकाट्यावर ठेवलेल्या फळाचा साधा फोटो, काट्याचा आकडा दिसेल असा, ही या धंद्यातली सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात उपयोगी पोस्ट.

ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो. तेव्हा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी नंबर सेव्ह करायला सांगा, कारणही सांगा. आणि रोज ब्रॉडकास्ट करू नका. हंगामात चार-पाच वेळा पुरे: पहिली तोडणी, पाडवा, अक्षय तृतीया, भाव उतरले तेव्हा, शेवटच्या पेट्या. बाकी रोजचं स्टेटसवर, ज्याला बघायचं तो बघेल.

चित्रमाला: पेटी पोचल्यावरची

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये अनेक चित्रं एकापुढे एक लावता येतात. लोक अशी पोस्ट जपून ठेवतात आणि पुढे पाठवतात. "पेटी घरी आली, आता काय?" याला हाच प्रकार. प्रत्येक चित्रावर एक ओळ: पेटी आल्याबरोबर उघडा. आंबे कागदावर किंवा पेंढ्यावर एका थरात पसरा. हिरवं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज हात फिरवून तयार झालेली वेगळी काढा. साल किंचित सुरकुतली आणि वास सुटला की खा, खाण्याआधी थोडा वेळ पाण्यात ठेवा.

हीच चित्रं प्रत्येक पेटीबरोबर व्हॉट्सॲपवर पाठवा, शक्य असेल तर एक छापील चिठ्ठी पेटीत घाला. "आंबे पिकतच नाहीत" असे फोन निम्म्याने तरी कमी होतील.

इथे एक बारकावा आहे. पुष्कळदा पैसे देणारा एक आणि आंबा खाणारा दुसरा असतो. मुलगी न्यू जर्सीत, आईवडील कोथरूडला. मुलीला पटवते इन्स्टाग्रामवरची रील, पण पेटी उघडतात तिचे बाबा, आणि त्यांच्याकडे कदाचित इन्स्टाग्रामच नसतं. म्हणून ऑर्डर घेताना पेटी घेणाऱ्याचाही व्हॉट्सॲप नंबर घ्या आणि सूचना थेट त्यांना पाठवा, मोठ्या अक्षरात.

साका: ज्या पोस्टला सगळे घाबरतात

हापूस बाहेरून देखणा असतो आणि कधी कधी कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो, तोच साका. बागायतदाराला हे माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. त्याला वाटतं सडका आंबा दिला. बाहेरून साका ओळखता येत नाही, चांगल्या बागेतल्या फळातही तो निघतो.

बहुतेक विक्रेते यावर गप्प बसतात. माझ्या मते हीच पोस्ट पेजच्या सगळ्यात वर पिन करावी. साका असलेलं फळ कापून दाखवा, तो का येतो ते दोन वाक्यांत सांगा, आणि तुमचा नियम लिहा: फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देऊ किंवा पैसे परत. किती दिवसांच्या आत कळवायचं तेही लिहा. नियम तुम्हाला परवडेल असाच ठेवा, पण एकदा लिहिला की पाळा. नवख्या विक्रेत्याकडे जुनं नाव नसतं. त्याच्या जागी हा लिखित नियम उभा राहतो.

लिहिण्याआधी हे तपासा

हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल तर प्रमाणपत्राचा फोटो पेजवर ठेवा. नोंद नसेल तर मानांकनाचं चिन्ह पोस्टवर चिकटवू नका. आणि बाग राजापूरला असताना "देवगड हापूस" असं लिहू नका, कितीही खपत असलं तरी. आपल्या गावाचं नाव अभिमानाने लिहा. दोन-तीन हंगामांत तेच नाव लोक शोधायला लागतात.

"पावडर" म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. फळं पिकवायला ते वापरण्यावर देशात बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत वापरायला मुभा आहे. तुम्ही अढी लावत असाल तर अढीच दाखवा, इथिलीनच्या खोलीत पिकवत असाल तर तसं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. "शंभर टक्के सेंद्रिय" हे शब्द मात्र प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय टाकू नका. तुडतुड्यांसाठी फवारणी घेतली असेल तर कधी घेतली, कधी थांबवली, हे सांगितलेलं गिऱ्हाइकाला जास्त आवडतं.

आंबापोळी, मावा, आमरसाचे डबे विकणार असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेची नोंदणी लागते. तो क्रमांक पाकिटावर हवाच, उत्पादनाच्या फोटोतही दिसू द्या.

एखाद्या फूड ब्लॉगरला फुकट पेटी देऊन व्हिडिओ करून घेणार असाल, तर त्याने ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात क्षेत्रातल्या आस्की या संस्थेची 2021 पासूनची मार्गदर्शक तत्त्वं तसंच सांगतात. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊच नये असं मला वाटतं. तीच पेटी एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला चाखायला द्या.

गिऱ्हाइकांचे शब्द

समाधानी गिऱ्हाइकाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट हा सोपा आणि परिणामकारक प्रकार आहे, पण परवानगी घ्या आणि नाव-नंबर झाका. त्याहून बरं म्हणजे गूगलवर धंद्याचं प्रोफाइल फुकट उघडा आणि तिथे लिहायची विनंती करा. "रत्नागिरी हापूस होम डिलिव्हरी" असं शोधणारा माणूस तिथे येतो, आणि तो बघत बसणारा नसतो, घ्यायलाच निघालेला असतो. वाईट अभिप्राय आला तर त्याच जागी, शांतपणे, काय भरपाई दिली ते लिहा. वाद घालू नका.

जे नाही केलं तरी चालेल

रोज शुभ सकाळ. प्रत्येक सणाची शुभेच्छा, कोपऱ्यात लोगो. "तीन मित्रांना टॅग करा, एक पेटी जिंका". चालू गाण्यावर आंबा हातात घेऊन नाच. यातून लाइक येतात, पेट्या जात नाहीत. यूट्यूबवर दहा मिनिटांचा एखादा व्हिडिओ, "हापूस कसा ओळखावा" अशा विषयावर, जमला तर जरूर करा, कारण लोक तो प्रश्न दर एप्रिलमध्ये शोधतात. पण चॅनल चालवण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. लाइव्हही राहू द्या. बागेत रेंज मिळाली तर नशीब.

पैसे देऊन पोस्ट बूस्ट करायची असेल तर आधी कुठली रील आपोआप चालतेय ते बघा आणि तीच, फक्त तुम्ही पेटी पोचवू शकता त्या शहरांपुरती, थोड्या पैशांत चालवून बघा. नाशिकला गाडी जात नसेल तर नाशिककरांना आंबा दाखवून काय उपयोग?

हिशोब कसा ठेवायचा

इन्स्टाग्राम तुम्हाला किती जणांनी बघितलं याचे आकडे देईल. त्यावर भुलू नका. ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" आणि वहीत नावापुढे अक्षर लिहा: र म्हणजे रील, स म्हणजे स्टेटस, ग म्हणजे गूगल, ओ म्हणजे ओळखीतून. हंगाम संपला की मोजा. पहिल्या वर्षी ओ सगळ्यात जास्त निघतील, त्यात निराश होण्यासारखं काही नाही. त्या ओळखीच्या माणसाने पुढे काय पाठवलं ते मात्र विचारा. बहुधा एखादी ठरावीक रील किंवा ती पेटी पोचल्यावरची चित्रमाला असेल. पुढच्या वर्षी तसल्या आणखी करा, आणि ज्या प्रकारापुढे एकही अक्षर पडलं नाही तो बंद करा.

अवकाळी पाऊस पडला, फळ डागाळलं, गाडी दोन दिवस उशिरा निघणार असेल, तर तेही त्याच दिवशी स्टेटसवर टाका, बागेच्या फोटोसकट. ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांना मात्र स्टेटसवर अवलंबून ठेवू नका, प्रत्येकाला फोन करा.

जूनमध्ये बाग रिकामी झाली की पेजही महिनोन्‌महिने झोपी जातं. जाऊ द्या, रोज काहीतरी टाकलंच पाहिजे असा कुठे कायदा नाही. पावसाळ्यात एकदा छाटणीचं आणि खत घातल्याचं दाखवा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिला मोहर, मग फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं, अंड्याएवढं झालं की एकेक फोटो. फेब्रुवारीच्या अखेरीस गेल्या वर्षीच्या यादीतल्या प्रत्येकाला नावानिशी मेसेज करा: यंदा पहिली तोडणी साधारण कधी, किती पेट्या, नाव नोंदवायचं का. नोंदणीला आगाऊ रक्कम घेणार असाल तर ती किती आणि फळ कमी आलं तर परत कशी मिळेल, हे त्याच मेसेजमध्ये लिहा.